भिजलेल्या गाठी

“चिमे, पाड्याचां दावां कुठं गेलां गो?”

राही गोठ्याच्या दारात उभी राहून ओरडली. चिमा मागीलदारी रातांबे फोडीत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. तिनं मान वर केली नाही. तिथंच राहीला कळलं की दावं हरवलेलं नाही, कुणीतरी नेलेलं आहे.

“ऐकू येतां काय? पाडा सकाळपासनं मोकाट हुंदडतोय. सखूच्या परसात शिरला तर ती माझ्या सात पिढ्या उद्धारील.”

“मी घेतलां. काल सुंभ तुटलां, म्हनून तां जोडून गाठी मारल्या.”

“दाव्याला गाठी?”

“मास्तरांनी सांगलां. सुट्टीतला अभ्यास हाय.”

राहीनं कपाळावर हात मारला. आंबेकोंडात ह्या आगाशे मास्तरांचं येणं झालं पौषात, आणि तेव्हापासून गावातली एकही वस्तू जागेवर राहिली नव्हती. आधीचे मास्तर सुट्टी लागली की शाळेला कुलूप घालून घरी जात, ते मिरगानंतर उगवत. हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेले, पोरसवदा, एकटा जीव. सुट्टीत घरी जायचं सोडून शाळेतच मुक्काम ठोकून बसले. पोरांना म्हणाले, पुस्तकातली विहीर कुणीतरी मुंबईत बसून काढलीय, आपण आपल्या गावची विहीर वाचू. कुणी भाताच्या जाती गोळा करायच्या, कुणी म्हाताऱ्यांना विचारून शेतांची नावं लिहून आणायची. आणि थोरल्या पोरांनी विहिरी मोजायच्या. सुंभाला चार-चार बोटांवर गाठी मारायच्या, टोकाला धोंडा बांधायचा, रोज सकाळी तो तळाला टेकवायचा आणि वर ओढून भिजलेल्या गाठी मोजायच्या. एकानं कठड्यावर पालथं पडायचं, दुसऱ्यानं त्याचे घोटे धरायचे. जेवढ्या गाठी भिजल्या तेवढं पाणी.

एवढं राहीला माहीत होतं. पोरगी आठ दिवस तेच बडबडत होती. गावकराच्या बावीवर जात असेल, असं धरून चालली होती ती. तिथं सदा माणसांचा राबता.

“आनि तू कुठची बाव मोजतेस?”

चिमाच्या हातातला रातांबा निसटून टोपलीत पडला.

“सड्याखालची.”

मारायला उचललेला राहीचा हात तसाच वर राहिला. मग तो आपोआप खाली आला.

“घोटे कोन धरतां?”

“कोन नाय. त्या बावीवर माझ्यासंगती यायला कोन तयार नाय.”

सड्याखालच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाखालच्या त्या बावीचं नाव आंबेकोंडात तीन वर्षं कुणी घेतलं नव्हतं. राहीची थोरली, जनी, तिथं गेली. असाच उन्हाळा होता. बाराच्या उन्हात पेज उतू चालली, घरात पाण्याचा थेंब नाही, म्हणून राहीनंच कळशी देऊन तिला पिटाळली. कठड्याचा जांभा सुटला आणि कळशी, धोंडा आणि नऊ वर्षांची पोर एकदमच खाली गेली. मुंबईला गिरणीत असलेला राहीचा नवरा महिपत आला तेव्हा बाराव्याची तयारी चालली होती. गावचा रिवाज असा, की ज्या बावीत माणूस गेलं ती उपसायची, आणि गेलेल्याच्या आईनं पहिली घागर ओढायची. त्याशिवाय ते पाणी गावाला चालत नाही. बाव उपसली. राही काही गेली नाही. दोनदा कडेपर्यंत नेलं तिला बायकांनी, दोन्ही वेळा ती दातखीळ बसून पडली. मग गावानं तिथला रहाट काढून नेला आणि त्या वाटेवर निवडुंग माजला.

आता चिमा नऊ वर्षांची होती.

“पुन्ना जायाचां नाय. मास्तर येऊंदे, नायतर मास्तराचा बाप येऊंदे. पाय मोडून ठेवीन.”

“नाय जात.” चिमा रडकुंडीला आली होती. “पन आये, त्या बावीचां पानी कोन भरतां?”

“कोन भरनार? कोन नाय भरीत.”

“मंग तां उतरतां कसां? पयल्या दिवशी सव्वीस गाठी भिजल्या. मंग पंचवीस. मंग चोवीस. रोज एक. अवसेच्या दिवसाचीसुद्धा चुकली नाय.”

वईच्या कुंपणापलीकडं शेजारची सखू भांडी घाशीत होती. तिच्या हातातला काथ्या थांबला, तो राहीला ऐकू आला.

सखूच्या कानात पडलेली गोष्ट म्हणजे वणव्यात पडलेलं वाळकं पान. तिन्हीसांजेला गुरं घरी आली तोवर ती वाडीभर झाली होती. जनी पाणी पितेय. रोज चार बोटं. तहानेलीच गेली ना पोर! कुणी म्हणे दुपारी पैंजण ऐकलं, कुणी म्हणे ओलं पाऊल दिसलं कातळावर. जनीच्या पायात पैंजण कधी नव्हतंच, पण ते सांगणार कुणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी सखू पेजेची वाटी घेऊन आली आणि दारातच बसली.

“राही, वायट वाटून घेऊ नको हां. आप्पा गावकरान सांगलानी, ऐतवारी देवळात बसायचां. भगताला बोलावलानी. बाव बुजवायची म्हनतात. घरटी दहा-दहा धोंडे टाकले की झालां.”

 राहीच्या मनात एकच हिशेब चालला होता. सव्वीस, पंचवीस, चोवीस. तीन वर्षांत लेकीची काही खबर आली असेल तर ती एवढीच.

ती तशीच उठली आणि शाळेत गेली.

मास्तर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून भिंतीला तपकिरी कागद चिकटवीत होते. खळीच्या भांड्यात मुंग्या झाल्या होत्या. राहीला बघून ते हसले.

“या राहीबाई! तुमची चिमा म्हणजे अगदी—”

“मास्तर, माझ्या पोरीला त्या बावीवर तुमी धाडलांत?”

तिच्या आवाजानं त्यांच्या हातातला कुंचला खाली आला.

“सर्वांत जवळचं घर तुमचं. विहीर कुणाच्या वाट्याला आली नव्हती. मी दुसऱ्या कुणालातरी जोडीला दिलं होतं, बाबूच्या मुलाला.”

“तो गेला नाय. कोन जानार नाय. तिथं माझी थोरली गेली.”

 मास्तर बाकावर बसले, खळीचा हात तसाच मांडीवर ठेवून.

“मला कुणी सांगितलं नाही हो.”

“सांगनार कोन? आमच्यात बावीत गेलेल्याचां नाव घेत नाय. घेतलां तर ‘ओ’ देतां म्हनतात.”

“मी ती रेघ आत्ता पुसून टाकतो.” ते उठले. ओलं फडकं घेतलं. तेव्हा कुठं राहीनं भिंतीकडं नीट बघितलं.

कागदावर चार रेघा होत्या. मास्तर तिला समजावू लागले, बहुधा काहीतरी बोलायला हवं म्हणून. गेरूची गावकराची, हळदीची देवळातली, कोळशाची महारवाड्यातली आणि निळीची सड्याखालची. रोजचा आकडा आला की रेघ पुढं सरकायची. प्रत्येक रेघेखाली एक रिकामा चौकोन होता. तिथं पोरांनी विचारून लिहायचं, ह्या विहिरीचं पाणी कोण भरतं. शाळा उघडली की दिपोटीसाहेब तपासणीला येणार, त्यांना दाखवायचं.

राहीला अक्षर येत नव्हतं, पण निळी रेघ तिला वाचता आली. एकेक पायरी खाली उतरत गेलेली. बावीत उतरावं तशी.

“नको पुसू,” ती म्हणाली. मास्तरांना आपण अरेतुरे केलं हेही तिला कळलं नाही. “ऱ्हाऊंदे.”

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं.

“ही काळी अशी आडवी का?”

“ती शून्यावर आहे. काशीची भागी मोजते, इथं बाहेर पडवीत बसते ना, ती. सुट्टी लागली त्या दिवसापासून तिची एकही गाठ भिजलेली नाही. नुसता चिखल.” मास्तर थबकले. “रोज येऊन सांगते मात्र. शून्य, मास्तर. शून्य, मास्तर. एक दिवस चुकवला नाही पोरीनं.”

राही परत निघाली. सडा तव्यासारखा तापला होता आणि वारा असा, की भाकरी भाजून निघावी. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर, मधल्या टप्प्यावर ती एकाएकी थांबली. आंबेकोंडातल्या सगळ्या बावींवर महारवाड्याला बंदी. कुणी दयेनं वरून ओतलं तर ओंजळ, नाहीतर नाही. त्यांची बाव कोरडी. वीस-पंचवीस माणसं, चार गुरं.

मग तीं पितांत काय?

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. मनाचे दोन भाग झाले होते. एक म्हणत होता, माणसंच असतील. दुसरा म्हणत होता, नकोत. माणसं नकोत.

कोकणातलं भूत रात्रीची वाट बघत नाही. उन्हाळ्यातली टळटळीत बाराची वेळ झाली, सावली पायात शिरली, की कोंडावर चिटपाखरू फिरकत नाही. कवाडं लोटलेली, कुत्रीसुद्धा पडवीत. राहीनं चिमाला सखूकडं बसवलं आणि निवडुंग चुकवत सड्याखाली उतरली. तीन वर्षांनी. बावीपासून वीस पावलांवर करवंदीची जाळी होती, तिच्यात ती शिरली. काटे पाठीत रुतत होते. बावीचा कठडा एका बाजूनं अजून तसाच पडका होता.

काही वेळानं पाचोळा वाजला. राहीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर काशी होती. मागं दोन बायका, डोकीवर मडकी, पायांत सावली. एक शब्द नाही. काशीनं पदराखालून पोहरा काढला. वाजू नये म्हणून त्याला फडकं गुंडाळलं होतं. तिनं पालथं पडून तो सोडला, हळूहळू वर ओढला. मागच्या बाईनं मडकं पुढं केलं, पण काशीनं मान हलवली. पहिला पोहरा तिनं पडक्या कठड्याच्या बाजूला मातीवर ओतला.

“जने, बाय,” ती म्हणाली, अगदी घरातल्या पोरीला हाक मारावी तशी, “आधी तू पी. मंग आमी.”

राहीच्या तोंडून आवाज निघाला. कसला ते तिलाही सांगता आलं नसतं. मागच्या दोघी मडकी टाकून पळाल्या. काशी जागची हलली नाही, पोहरा छातीशी धरून उभी राहिली.

“राहीबाय?”

राही जाळीतून बाहेर आली. पाठ रक्ताळली होती.

“तू तिचां नाव घेतलांस.”

“व्हय.”

“मी तीन वरसांत घेतलां नाय.”

काशीनं मान खाली घातली. “कुनाच्या घरात शिरायचां तर हाक मारून शिरावां. तिचीच बाव ना आता ही.”

“तुला भ्या नाय वाटत?”

“तहानेला भूत दिसत नाय गो बाय. आमची बाव होळीलाच आटते. तीन उन्हाळे हेच पानी पितांव. गावकराच्या बावीवर गेलांव तर टाळकी फुटतात, हितं फक्त छाती धडधडते.” मग तिचा धीर सुटला. “राहीबाय, तुज्या पाया पडतंय, लांबूनच पडतंय. गावात सांगू नको. आमाला मारतील, मारूंदेत, मार काय नवा नाय. पन बाव बाटली म्हनून शेन कालवतील हिच्यात. मंग पोरां काय पितील?”

राही खाली बसली. ओतलेलं पाणी मातीत जिरत होतं. शेवटी शेवटी एक ओला डाग राहिला, लहान पोरीनं मांडी घालून बसावं एवढाच. ती त्याच्याकडे बघत होती. मनातला तो दुसरा भाग हळूहळू मरत होता. माणसंच होती तर. जनी नव्हती. जनी कुठंच नव्हती.

“तुमी रोज येतां?”

“रोज. अवस सोडून.”

राहीनं वर बघितलं.

“अवसेला आमची मानसां घाबरतात. कितीही तहान असूंदे, अवसेला हितं कुनी पाय ठेवीत नाय. त्या दिवशी आमी आमच्या बावीतला चिखल गाळून पितांव.” काशीनं तिचा चेहरा बघितला. “काय झालां गो?”

“काय नाय,” राही म्हणाली. तिच्या अंगावर भर उन्हात काटा आला होता. “भर तुझां मडकां. मी वाटेवर बसतंय. कोन आला तर खोकीन.”

ऐतवारी सकाळीच देवळात गाव जमलं. पुरुष मंडपात, बायका बाहेर आंब्याखाली. भगत तांदूळ मांडून बसला होता. आप्पा गावकर खांबाला टेकून बोलत होते.

“आमची जनी, पोर चांगली होती. पन गेलेल्यान गेल्यागत ऱ्हावां. उद्या ती पानी पिईल, परवा पोर ओढील. बाव बुजवायची.”

“जांभ्याची खान जवळच हाय,” बाबू म्हणाला. “दुपारपर्यंत भरून टाकू.”

आगाशे मास्तर पुढं झाले. त्यांना राहवलं नसावं. “गावकर, माफ करा. भूतबीत काही नाही. पाणी उतरतंय म्हणजे कोणीतरी माणूसच ते—”

“मास्तर!”

सगळ्यांच्या माना वळल्या. राही मंडपाच्या पायरीवर उभी होती. बायकांनी चढायची ती पायरी नव्हे.

“मास्तर, तुमची काळी रेघ कुठवर आली?”

“शून्यावरच आहे,” मास्तर म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून आधी गोंधळ गेला, मग रंग गेला. त्यांनी तोंड मिटलं आणि दोन पावलं मागं सरले.

“राही, खाली उतर,” आप्पा म्हणाले. “देवळात बायकांनी बोलायचा रिवाज नाय.”

“बावीवर पोरी धाडायचा रिवाज हाय ना, आप्पा? मंग बोलूंद्या.” ती पायरीवरच पाय रोवून उभी राहिली. “पानी माझी जनीच पिते. मी दुपारची जाऊन आलंय. कठड्यापाशी माती ओली हाय, जाऊन बघा कोनाची छाती असेल तर. तुमाला बाव बुजवायची? बुजवा. पयला धोंडा मी टाकतंय. पन येक सांगा. तहानेली पोर, तिची बाव बुजली, तर ती जाईल कुठं? तिथनं जवळची बाव कोनाची?”

 आंब्याखालून सखू हळूच म्हणाली, “आप्पांची.”

आप्पा खांबापासून सरळ झाले. घरात त्यांची नातसून पोटुशी होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“भगता, तू काय म्हनतोस?”

भगतानं तांदळाकडं बघितलं, राहीकडं बघितलं. “आयशीचा शब्द. त्याच्यावर माझा काय इलाज चालनार?”

“मंग करायचां काय?” बाबूनं विचारलं.

“करायचां काय नाय,” राही म्हणाली. “दुपारच्या टायमाला त्या अंगाला कोनी फिरकू नये. गुरांमागनं नाय, लाकडांना नाय. माझी पोर लाजरी होती. चार मानसां बघतायत म्हटलां की पानीसुद्धा प्यायची नाय ती.”

एवढं बोलून ती पायरी उतरली. घरी पोचेपर्यंत तिला धड दिसत नव्हतं. लेकीचं भूत केलं आपण. सगळ्या कोंडाच्या साक्षीनं तिला बावीला बांधून टाकलं. आई ना मी? आणि तरीही अवसेची ती एक गाठ होतीच. ती कुणी ओढली हे देवळातल्या कुणीच विचारलं नव्हतं. तिनंही कुणाला विचारलं नाही.

पावसाआधीच्या आठवड्यात मास्तरांनी पोरांना चौकोन भरायला बोलावलं. राही चिमाच्या मागोमाग गेली, दाराशी उभी राहिली. बाबूच्या पोरानं गेरूखाली लिहिलं, गावकर आणि वीस घरं. हळदीखाली कुणीतरी लिहिलं, देवळाचे मानकरी. काळ्या रेघेखालचा चौकोन मास्तरांनी भागीसाठी ठेवला होता. त्यांनी तिला आत बोलावलं. आत म्हणजे वर्गात. बाबूचं पोर सरकून भिंतीला चिकटलं. भागी उंबऱ्यापर्यंत आली, राहीच्या लुगड्याला शिवू नये म्हणून अंग चोरून उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, “कोन नाय, मास्तर.” मास्तरांनी तिच्या हातात खडू दिला. तिनं आत येऊन ते लिहिलं. कोणी नाही.

निळीचा चौकोन राहिला. देवळातल्या त्या दिवसापासून रोज सकाळी राहीच चिमाचे घोटे धरायला जात होती, आणि रेघ आता आठ गाठींवर आली होती.

चिमानं खडू घेतला आणि वळून आईकडं बघितलं.

“आये, काय लिवू?”

 मास्तर खिडकीबाहेर बघत होते. सुट्टीभर त्यांनी पोरांना एकच घोकवलं होतं, जे खरं तेच मांडायचं, आणि चिमा ते विसरली नव्हती.

“लिव,” राही म्हणाली. “जनी.”

चिमानं लिहिलं. वेलांटी जरा मोठी झाली. भागीनं ते वाचलं, आणि तिचे ओठ हलले, सवयीनं, बावीवर पहिला पोहरा ओतताना तिच्या आयशीचे हलत तसे.

मास्तरांनी भांड्यातला कुंचला उचलला. अक्षरं ओलाव्यानं पुसली जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या नावावरून खळीचा एक पातळ हात फिरवला आणि तो वाळेपर्यंत तिथंच उभे राहिले.